एका जेटॅग चेनवर चार चिप: आधी मोजणी, मग बिटस्ट्रीम

बोर्डावर एकच एफपीजीए (आतले लॉजिक हवे तसे भरता येणारी चिप) असेल तर जेटॅगची, म्हणजे चिप भरण्या-तपासण्याच्या जोडणीची केबल लावायची, फाइल निवडायची आणि बटण दाबायचे, काम झाले. त्याच हेडरवर (केबल लावायच्या पिनांवर) तीन-चार चिप ओळीने जोडलेल्या असल्या की लोक तेवढेच करून बघतात आणि अडकतात. केबल सापडते पण चिप सापडत नाही, किंवा सगळे ‘सक्सेस’ म्हणते आणि डिझाइन भलत्याच चिपमध्ये जाऊन बसते. अशा वेळी बहुतेक जण बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची डिझाइनची फाइल) पुन्हा पुन्हा बनवत राहतात. बिटस्ट्रीमचा त्यात सहसा काही संबंध नसतो. चेन मोजून घेतलेली नसते.

पुढचे सगळे टप्पे एका ठरावीक चेनवर समजावले आहेत. डेटा हेडरच्या टीडीआय (डेटा आत) पिनवरून निघून चारही चिपमधून टीडीओ (डेटा बाहेर) पिनपर्यंत पोहोचतो, तो असा:

हेडर टीडीआय → यू१ → यू२ → यू३ → यू४ → हेडर टीडीओ

- यू१: झायलिंक्सची सीपीएलडी (एफपीजीएपेक्षा लहान, वीज गेली तरी डिझाइन जपणारी चिप), एक्ससी९५७२एक्सएल. आयआर (जेटॅगची आज्ञा धरणारे रजिस्टर) ८ बिट. आयडीकोड (चिपची ओळख सांगणारा ३२ बिटांचा आकडा) ५९६०४०९३
- यू२ आणि यू३: आर्टिक्स-७, एक्ससी७ए१००टी. प्रत्येकी आयआर ६ बिट. आयडीकोड ०३६३१०९३
- यू४: लॅटिस ईसीपी५, एलएफई५यू-२५. आयआर ८ बिट. आयडीकोड ४११११०४३

आयडीकोड हेक्समध्ये आहेत. झायलिंक्सच्या चिपमध्ये त्यांचा पहिला अंक चिपची आवृत्ती सांगतो आणि तो तुमच्या चिपवर वेगळा असू शकतो. तिथे जुळवायचे ते उरलेले सात अंक. ईसीपी५मध्ये मात्र पहिला अंकही चिपचा प्रकार सांगतो, म्हणून आठही अंक जुळवा.

## टप्पा १: कागदावर चेन मांडा

स्किमॅटिक उघडा आणि प्रत्येक चिपसाठी चार गोष्टी लिहून काढा: चेनमधली जागा, आयआरची लांबी, आयडीकोड आणि टीसीकेची (जेटॅगच्या क्लॉकची) कमाल गती. आयआरची लांबी अंदाजाने लिहू नका. प्रत्येक चिपच्या बीएसडीएल फाइलमध्ये (तिच्या जेटॅगचे वर्णन असलेल्या फाइलमध्ये) ‘इन्स्ट्रक्शन लेंग्थ’ या नावाने ती दिलेली असते. फाइल त्याच पॅकेजची घ्या, म्हणजे पुढे बाउंड्री स्कॅन (जेटॅगवरून पिनांची जोडणी तपासणे) करायची वेळ आली तरी तीच चालेल.

आता दोन बेरजा करा. आयआरची एकूण लांबी ८ + ६ + ६ + ८ = २८ बिट. चार आयडीकोड मिळून ४ × ३२ = १२८ बिट. हे दोन आकडे कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा. चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात सगळे यांच्याशीच ताडून पाहायचे आहे.

इथे एक सापळा आहे. चिप एक असली तरी चेनमध्ये ती दोन उपकरणे म्हणून दिसू शकते. झिंक-७००० मालिकेत आर्म प्रोसेसरचा डॅप (डीबगची वाट, आयआर ४ बिट) आणि लॉजिकचा भाग (आयआर ६ बिट) हे दोन वेगळे टॅप (जेटॅग नियंत्रक) एकाच पॅकेजमध्ये असतात. ‘बोर्डावर तीन चिप, टूल चार दाखवते’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

तपासा: मॅक्स १० किंवा मॅकएक्सओ२सारख्या चिपमध्ये जेटॅग पिन साध्या आयओ पिन म्हणून वापरण्याची सोय असते. कोणी ती सोय चालू करून डिझाइन भरले, तर फक्त तीच चिप गप्प बसत नाही, पूर्ण चेन तुटते. अशी चिप चेनमध्ये असेल तर जेटॅग चालू ठेवणारी तिची पिन कुठे गेली आहे ते आत्ताच शोधून ठेवा.

## टप्पा २: बोर्ड बंद असताना मल्टिमीटर

वीज पूर्ण काढा. बझर मोडवर पुढच्या जोड्या क्रमाने तपासा:

1. हेडर टीडीआय ते यू१चा टीडीआय
2. यू१चा टीडीओ ते यू२चा टीडीआय
3. यू२चा टीडीओ ते यू३चा टीडीआय
4. यू३चा टीडीओ ते यू४चा टीडीआय
5. यू४चा टीडीओ ते हेडर टीडीओ
6. हेडर टीसीके आणि टीएमएस (टॅपची अवस्था बदलणारी रेषा) चारही चिपपर्यंत

बीजीए पॅकेजच्या (ज्याची जोडणी पोटाखालच्या गोळ्यांनी होते) खाली प्रोब जात नाही. वायामधून (बोर्डाचे थर जोडणाऱ्या छिद्रातून), टेस्ट पॉइंटवरून किंवा सिरीज रेझिस्टरच्या पॅडवरून माप घ्या. २२ किंवा ३३ ओहमचा रेझिस्टर वाटेत असेल तर काही मीटर बझर वाजवत नाहीत. तिथे ओहम मोडवर बघा.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे केबलच्या नावांवरून केलेली उलटापालट. केबलवरचा ‘टीडीआय’ म्हणजे केबलने चेनला द्यायचा डेटा. तो पहिल्या चिपच्या टीडीआयलाच जातो. यूएआरटीच्या सवयीने लोक इथे टीएक्स-आरएक्ससारखी तिरपी जोडणी करतात. जेटॅगमध्ये तिरपे काही नसते.

दुसरी चूक बायपास रेझिस्टरची. एखादी चिप काही बोर्डांवर बसवायचीच नसते, म्हणून डिझाइनर तिच्या टीडीआय आणि टीडीओमध्ये शून्य ओहमची जागा ठेवतो. चिप बसवली असेल तर ती जागा रिकामी हवी. दोन्ही बसवले तर आधीच्या चिपचा टीडीओ आणि या चिपचा टीडीओ एकाच रेषेवर एकमेकांशी भांडतात. आयडीकोड कधी बरोबर येतो, कधी कचरा येतो, आणि दोष केबलच्या माथी मारला जातो.

पुल-अप, पुल-डाउनही (रेषा वर किंवा खाली धरणारे रेझिस्टर) याच वेळी पाहा. टीएमएसवर १० किलोओहम पुल-अप ठीक असतो. टीसीकेला मात्र १ किलोओहमचा पुल-डाउन द्या. आर्टिक्स-७मध्ये टीसीकेवर आतून पुल-अप असतो आणि इथे अशा दोन चिप आहेत. बाहेरून १० किलोओहम लावला तर केबल काढल्यावर ती रेषा धड वर नाही, धड खाली नाही अशी मधल्या व्होल्टेजवर लटकते आणि आवाजाने खोटे क्लॉक पडतात.

## टप्पा ३: व्होल्टेज, मग केबल, मग गती

चारही चिपच्या जेटॅग पिन एकाच व्होल्टेजच्या आहेत का? आमच्या उदाहरणात सगळे ३.३ व्होल्टवर आहे. एखादी चिप १.८ व्होल्टची असेल तर तिच्या आधी आणि नंतर लेव्हल ट्रान्सलेटर लागतो, आणि टीसीके-टीएमएसच्या फांदीवरही लागतो. ‘३.३ चालून जाईल’ हा विचार करू नका.

आर्टिक्स-७साठी सीएफजीबीव्हीएस पिन खास तपासा. बँक शून्यला (कॉन्फिगरेशनच्या पिनांच्या गटाला) ३.३ किंवा २.५ व्होल्ट असेल तर ही पिन वर बांधलेली हवी, १.८ किंवा १.५ असेल तर ग्राउंडला. पिन ग्राउंडला आणि बँकेवर ३.३ व्होल्ट अशी जोडी चिपला इजा करू शकते.

इशारा: हेडरवरची व्हीरेफ पिन केबलला बोर्डाचे व्होल्टेज कळावे म्हणून असते. तिच्यातून बोर्डाला वीज देऊ नका. बोर्डाला आधी त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याने चालू करा, चिपच्या सगळ्या रेल (वीजपुरवठ्याच्या रेषा) मोजा, मग केबल लावा. चारांपैकी एकाही चिपला वीज नसेल तर तिच्यापाशी चेन तुटते.

पहिल्या वेळी टीसीके १ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी ठेवा. पुढे वाढवताना मर्यादा सर्वांत हळू चिपची लागते: एक्ससी९५७२एक्सएल १० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते, त्यामुळे आर्टिक्सची क्षमता ६६ असली तरी ती इथे उपयोगाची नाही. फरक किती पडतो? एक्ससी७ए१००टीचा बिटस्ट्रीम ३,०६,०६,३०४ बिटांचा असतो. म्हणजे १ मेगाहर्ट्झवर सुमारे ३१ सेकंद, १०वर सुमारे ३ सेकंद. एकदाच भरायचे असेल तर ३१ सेकंद थांबायला काहीच हरकत नाही.

तीन-चारपेक्षा जास्त चिप असल्या तर हेडरपाशी टीसीके आणि टीएमएसला बफर द्या. टीसीके ही क्लॉक रेषा आहे हे लोक विसरतात आणि तिला बोर्डभर फांद्या फोडत नेतात. एकाच चिपपाशी क्लॉकच्या कडेला (० ते १ बदलताना) छोटीशी खाच पडली तर ती चिप एक क्लॉक जास्त मोजते आणि बाकी तिघींपेक्षा एक पाऊल पुढे जाते.

## टप्पा ४: आयडीकोडची आंधळी मोजणी

अजून बिटस्ट्रीमला हात लावायचा नाही. टूलमधले ‘डिटेक्ट’ किंवा ‘स्कॅन चेन’ चालवा. ओपनएफपीजीएलोडरमध्ये त्यासाठी ‘डिटेक्ट’ पर्याय आहे. ओपनओसीडीला एकही टॅप न सांगता सुरू केले तर ते स्वतः शोधून दाखवते.

आत काय घडते ते समजले की निकाल वाचता येतो. टीएमएस १ ठेवून पाच क्लॉक दिले की प्रत्येक टॅप कुठल्याही अवस्थेतून रीसेटला येतो. रीसेटनंतर प्रत्येक चिप स्वतःचा आयडीकोड पुढे करून उभी राहते. आता डीआर (डेटा रजिस्टर) सरकवला की टीडीओच्या सर्वांत जवळची चिप आधी बाहेर येते. म्हणून अपेक्षित क्रम असा:

४११११०४३, ०३६३१०९३, ०३६३१०९३, ५९६०४०९३

म्हणजे यू४ पहिली, यू१ शेवटची. टूलला हवा तो नमुना पाठवता येत असेल तर सरकवताना पहिले ३२ बिट म्हणून १२३४५६७८ पाठवा. १२८ बिटांनंतर तोच आकडा जसाच्या तसा बाहेर आला तर टीडीआयपासून टीडीओपर्यंतची पूर्ण वाट शाबूत आहे. आयडीकोड फक्त वाचण्यापुरता असल्याने यात चिपला काही होत नाही.

निकाल चुकला तर तो असा वाचा:

- सगळे १ येतात. टीडीओ कुठेही जोडलेला नाही, किंवा यू४ला वीज, टीसीके वा टीएमएस यांपैकी काहीतरी पोहोचत नाही. सरकवायची वेळ नसते तेव्हा टीडीओ सुटा असतो, त्यामुळे पुल-अपचा १ दिसतो.
- सगळे ० येतात. टीडीओ ग्राउंडला शॉर्ट आहे किंवा बोर्डच बंद आहे.
- दोन आयडीकोड बरोबर, पुढे सगळे १. इथे लोक घाबरतात, पण यासारखा सोपा निकाल नाही. यू४ आणि यू३ बोलल्या, यू२ नाही. दोष यू२चा टीडीओ ते यू३चा टीडीआय या तुकड्यात, किंवा यू२च्या विजेत, टीसीकेत, टीएमएसमध्ये. बाकी बोर्ड तपासायची गरजच नाही.
- आकडा ओळखीचा पण सरकलेला. आर्टिक्सच्या शेवटच्या चार अंकांत १०९३ ऐवजी ८८४९ दिसले तर सुरुवातीचा एक बिट हरवला. २१२६ किंवा २१२७ दिसले तर एक बिट जास्त आला. हा टीसीकेच्या कडेचा किंवा केबलने टीडीओ वाचण्याच्या वेळेचा दोष. गती कमी करून सुटला तर वायर लांब आहे. गती कमी करूनही तसाच राहिला तर टीसीकेवर ऑसिलोस्कोप लावा, कारण खाच गतीवर अवलंबून नसते.

कंपनी ओळखण्यासाठी शेवटचे तीन अंक लक्षात ठेवण्यासारखे आहेत: झायलिंक्स ०९३, लॅटिस ०४३, आर्मचा डॅप ४७७.

तपासा: हा निकाल सलग अनेक वेळा तोच यायला हवा. दहातून एकदा चुकणारी चेन तीन कोटी बिट नीट नेईल अशी आशा धरू नका.

## टप्पा ५: आयआरची मोजणी

आयडीकोड बरोबर आले म्हणून आयआरही बरोबर असेलच असे नाही. टूलला तुम्ही चुकीची लांबी सांगितलेली असू शकते. आयआर सरकवताना प्रत्येक चिपच्या खालच्या दोन बिटांत ०१ यायलाच हवे, तसा मानकाचा नियम आहे. आपल्या चेनमध्ये बाहेर येणाऱ्या २८ बिटांत ०व्या, ८व्या, १४व्या आणि २०व्या जागी १ आणि त्याच्या लगेच पुढच्या जागी ० दिसला पाहिजे. ओपनओसीडी हीच तपासणी करते आणि न जुळल्यास आयआर कॅप्चरची तक्रार दाखवते. ती तक्रार बंद करण्याचे उपाय शोधत बसू नका, लांबी दुरुस्त करा.

इशारा: हाताने आयआर मोजताना काही जण ० भरून, मग १ पाठवून क्लॉक मोजतात. पद्धत बरोबर आहे, पण अर्ध्यात सोडू नका. पूर्ण रजिस्टर १ने भरल्यावरच अपडेटला (आज्ञा लागू होण्याच्या अवस्थेला) जा. जुन्या चिपमध्ये सगळे ० म्हणजे ‘एक्सटेस्ट’ ही आज्ञा, आणि तिच्यात चिप स्वतःच्या पिन बाहेर ढकलू लागते. सगळे १ म्हणजे बायपास, चिप डेटा एका बिटातून नुसता पुढे सोडते. ते सर्व चिपमध्ये सुरक्षित आहे.

## टप्पा ६: टूलला चेन सांगणे

गोंधळ इथेच होतो. कारण टूल दोन टोकांकडून मोजतात. व्हिव्हाडो आणि क्वार्टस यादी टीडीआयकडून लावतात. ओपनओसीडीमध्ये टीडीओच्या जवळचा टॅप आधी लिहायचा असतो: यू४, यू३, यू२, यू१. एका टूलमधला क्रमांक दुसऱ्यात जसाच्या तसा टाकला की काम बिघडले. प्रत्येक टॅप जाहीर करताना आयआरच्या लांबीसोबत अपेक्षित आयडीकोडही लिहा, म्हणजे किमान वेगळ्या जातीच्या चिपची अदलाबदल तिथल्या तिथे पकडली जाते.

एसव्हीएफ फाइल (जेटॅगच्या आज्ञांची टेक्स्ट फाइल) वापरत असाल तर शेजाऱ्यांसाठी भरायचे बिट हाताने द्यावे लागतात. आधी पाठवलेला बिट सर्वांत लांब, म्हणजे टीडीओकडे पोहोचतो. म्हणून एचआयआर आणि एचडीआर (आयआर आणि डीआरसाठी आधी पाठवायचा भराव) म्हणजे लक्ष्य चिप ते टीडीओ यांच्यामधले सगळे; टीआयआर आणि टीडीआर (नंतर पाठवायचा भराव) म्हणजे टीडीआय ते लक्ष्य चिप यांच्यामधले सगळे. आपल्या चेनसाठी:

- यू१: एचआयआर २०, एचडीआर ३, टीआयआर ०, टीडीआर ०
- यू२: एचआयआर १४, एचडीआर २, टीआयआर ८, टीडीआर १
- यू३: एचआयआर ८, एचडीआर १, टीआयआर १४, टीडीआर २
- यू४: एचआयआर ०, एचडीआर ०, टीआयआर २०, टीडीआर ३

प्रत्येक ओळीत एचआयआर, टीआयआर आणि चिपची स्वतःची लांबी मिळून २८ येते का ते बघा. आयआरच्या भरावात सगळे १ हवेत.

आता यू२ची ओळ उलटी लिहून पाहा: एचआयआर ८, टीआयआर १४. हे यू३चेच आकडे आहेत! चिप त्याच जातीची, आयडीकोड तोच, त्यामुळे कुठलीही चूक न दाखवता यू२चे डिझाइन यू३मध्ये जाते. बिटस्ट्रीममध्ये आयडीकोडची खूण असते आणि चुकीच्या जातीची चिप तो नाकारते, पण जुळ्या चिपसमोर ही राखण आंधळी आहे.

आणखी एक: बरीच टूल एसव्हीएफ बनवताना फाइलच्या सुरुवातीलाच एचआयआर ०, टीआयआर ० असे लिहून ठेवतात. त्या ओळी तुम्ही प्लेयरला (फाइल चालवणाऱ्या टूलला) दिलेले आकडे पुसून टाकतात. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिल्या वीसेक ओळी वाचल्याशिवाय ती चालवू नका.

## टप्पा ७: भरण्याचा क्रम

1. यू१, सीपीएलडी. ती आतल्या फ्लॅशमध्ये लिहिली जाते आणि बोर्डावर बहुधा वीज, रीसेट किंवा एफपीजीएची प्रोग्राम-बी (तिला रिकामी करणारी) पिन सांभाळते. म्हणून ती आधी.
2. यू२, मग यू३.
3. यू४.

सीपीएलडीबाबत एक गोष्ट सोल्डरिंगआधी ठरवून ठेवायची असते. मिटवताना तिच्या आयओ पिन सुटतात. तीच सीपीएलडी एफपीजीएच्या रेग्युलेटरचा एनेबल धरून असेल, तर मिटवणे सुरू होताच एफपीजीएची वीज जाते, चेन तुटते आणि सीपीएलडी अर्धवट मिटलेली राहते. एनेबल रेषेवर बाहेरून पुल-अप असेल तर हा प्रसंग येत नाही. आला असेल तर एनेबल तात्पुरता तारेने वर बांधा आणि पुन्हा सुरुवात करा; चिप सहसा वाचते.

सीपीएलडीसाठी एसव्हीएफ वापरताना ‘रनटेस्ट’च्या (किती थांबायचे ते सांगणाऱ्या) ओळी बघा. मिटवायला ठरावीक वेळ लागतो. फाइलमध्ये तो वेळ टीसीकेच्या मोजणीत लिहिला असेल आणि ती मोजणी १ मेगाहर्ट्झ धरून केलेली असेल, तर १० मेगाहर्ट्झवर थांबा दहापट कमी होतो आणि पडताळणी नापास होते. सीपीएलडी भरताना गती १ मेगाहर्ट्झच ठेवा.

व्हिव्हाडो एक्ससी९५००एक्सएल मालिका प्रोग्राम करत नाही. त्यासाठी आयएसई १४.७ मधले इम्पॅक्ट लागते. एका वेळी एकच टूल केबल धरू शकते, म्हणून व्हिव्हाडो बंद केल्यावर मागे चालू राहिलेला हार्डवेअर सर्व्हरही बंद करा, मग इम्पॅक्ट उघडा.

## टप्पा ८: खरेच योग्य चिपमध्ये गेले का

यू२ आणि यू३ वेगळ्या ओळखण्यासाठी बिटस्ट्रीम बनवतानाच यूजरआयडी (तुम्ही ठरवायचा ओळख-आकडा) वेगळा द्या: उदाहरणार्थ यू२ला २००००००२, यू३ला ३००००००३. भरल्यावर तोच आकडा, म्हणजे यूजरकोड, वाचा. झायलिंक्समध्ये काहीच न दिल्यास सगळे १ वाचले जातात, म्हणजे तो पर्याय फाइलमध्ये गेलाच नाही.

मग डन पिन (भरणे पूर्ण झाले की वर जाणारी). आर्टिक्स-७च्या आयआर कॅप्चरमध्ये सहा बिटांतला सर्वांत वरचा बिट डनचा असतो, त्याच्या खालचा इनिटचा (सुरुवातीच्या तयारीचा). भरलेली चिप ११०१०१ दाखवते. डन ० आणि इनिट १ असेल तर स्टार्टअप पूर्ण झालेले नाही. स्वतः आज्ञा लिहिणाऱ्यांकडून इथे जेस्टार्ट या चिप सुरू करण्याच्या आज्ञेनंतरचे क्लॉक राहून जातात. रन-टेस्ट-आयडलमध्ये (टॅपच्या विश्रांतीच्या अवस्थेत) किमान २००० टीसीके द्यावे लागतात. डन ० आणि इनिटही ० असेल तर बहुधा बिटस्ट्रीमच नाकारला गेला: सीआरसी (डेटा तपासणारा आकडा) चुकला किंवा आयडीकोड जुळला नाही.

यू२ आणि यू३च्या डन पिन एकत्र बांधलेल्या असतील तर यू२ भरल्यावर टूल ‘डन खाली आहे’ असे म्हणणारच, कारण यू३ अजून ती रेषा खाली खेचून आहे. यू३ भरल्यावर रेषा वर जाते, पण तोवर यू२ बायपासमध्ये गेलेली असते आणि तिचे स्टार्टअप अर्धवट राहू शकते. दोन्हींचा डेटा आधी भरून जेस्टार्ट दोघींना एकत्र देणे हा उपाय. जेटॅगवरूनच भरायचे असेल तर डिझाइन करतानाच डन वेगळे ठेवलेले बरे.

## टप्पा ९: कायमचे बसवायचे असेल तर

जेटॅगने भरलेले आर्टिक्स आणि ईसीपी५ वीज गेली की रिकामे होतात. कायमसाठी प्रत्येकीच्या एसपीआय फ्लॅशमध्ये (शेजारच्या मेमरी चिपमध्ये) लिहावे लागते. टूल त्यासाठी आधी एफपीजीएमध्ये एक छोटे पूल-डिझाइन भरते आणि त्यातून फ्लॅश लिहिते, त्यामुळे वरचे आठही टप्पे इथेही लागू आहेत. आर्टिक्सच्या मोड पिन एम२-एम१-एम० या क्रमाने ००१ असायला हव्यात. १०१ असतील तर ती फक्त जेटॅगची वाट बघत बसते. फ्लॅश बरोबर लिहिली जाते, पडताळणीही पास होते आणि बोर्ड चालू केल्यावर काहीच होत नाही.

लिहून झाल्यावर केबल हेडरवरून काढा, वीज बंद करून काही सेकंदांनी चालू करा आणि डन पाहा. त्यानंतर केबल पुन्हा लावून यू२ आणि यू३चा यूजरकोड परत वाचा, कारण फ्लॅशची अदलाबदलही अगदी तशीच, एकही चूक न दाखवता होते.